वेष्टनावरचा देव आणि वेष्टनामागचा धनी

२२ सप्टेंबर २०२५ रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि अंगाच्या साबणापासून दाढीच्या क्रीमपर्यंत अनेक नित्योपयोगी वस्तूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या मालावर सुधारित किमतीच्या चिठ्ठ्या चिकटविण्याची मुभा शासनाने उत्पादकांना दिली होती. आदल्या दिवशी पंतप्रधानांनी राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात स्वदेशीचा आग्रह धरताना एक साधे पण मार्मिक उदाहरण दिले होते. आपल्या खिशातला कंगवा देशी की विदेशी, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अमरावतीच्या इतवाऱ्यात काय किंवा अकोल्याच्या टिळक मार्गावर काय, नवी किंमत पाहण्यासाठी का होईना, ग्राहकाने खोका हातात घेऊन उलटा केला. किंमत वाचली आणि खोका पिशवीत टाकला. त्या किमतीच्या आसपास बारीक अक्षरांत आणखी जे काही छापलेले असते, ते वाचण्याचे कष्ट मात्र फारच थोड्यांनी घेतले असतील.

ते वाचावयाचे कसे आणि कशासाठी, हाच या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी मुद्दाम दाढीचा साबण घेतला आहे. राष्ट्रापुढे एवढे प्रश्न आ वासून उभे असताना दाढीच्या साबणाच्या खोक्यावर लेख कसला लिहिता, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, स्वदेशीवरील आपल्या व्याख्यानांत आजवर गृहिणीच्या पावडरीवर आणि मुलींच्या ओठांवरील रंगावर पुष्कळ आसूड ओढून झाले आहेत. व्याख्यात्याच्या स्वतःच्या गालावर त्या सकाळी कोणाचा फेस होता, हे मात्र कोणी विचारीत नाही. घरातील कर्ता पुरुष ही एक वस्तू स्वतः निवडतो, स्वतः वापरतो. तेव्हा आरंभ तिथूनच झालेला बरा.

जुन्या पिढीतील वाचकांना दाढीच्या साबणाची गोल वडी आठवत असेल. पातळ मेणकागदात गुंडाळलेली, वर पुठ्ठ्याची साधी डबी किंवा छापील कागद. घरी आणली की कागद काढून पितळेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या वाटीत बसवायची. वाटी वर्षानुवर्षे तीच. वडी संपली की नवी वडी. गावोगावच्या नाभिक बांधवांच्या धोकटीत वस्तरा, कात्री, आरसा, तुरटीचा खडा आणि ही वाटी, एवढा संसार असे. त्यातील प्रत्येक वस्तू टिकाऊ होती. झिजत असे तो फक्त साबण आणि थोडीफार तुरटी. वेष्टन म्हणून फेकावयाचे काय, तर एक कागद आणि एक डबी, आणि तेही चुलीत जात असे.

या वडीची घडण ज्याने ठरविली, तो कोणी नामांकित रचनाकार नव्हता. परंतु तिच्या रचनेत एक विचार होता. साबण घट्ट असल्यामुळे त्यात पाणी कमी आणि द्रव्य अधिक. पाणी ग्राहकाने आपल्या घरचे, आपल्या विहिरीचे घालावयाचे. क्रीम झाले की पाण्याचा मोठा वाटा कारखान्यातच मिसळला जातो आणि तो नळीत भरून, शेकडो मैल वाहून आणून आपल्याला विकत दिला जातो. डब्यातून फुसकन बाहेर येणारा फेस हा तर त्याच्याही पुढचा प्रकार. त्यात पाण्याच्या जोडीला ब्यूटेन, प्रोपेन यांसारखे दाबाखालील वायू असतात, म्हणजे ग्राहक हवेचेही पैसे मोजतो आणि शेवटी हाती उरतो तो रिकामा धातूचा डबा. ज्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पाण्याचा हंडा डोक्यावरून आणावा लागतो, त्या वऱ्हाडाने परगावचे पाणी नळीतून विकत घ्यावे, हा उफराटा न्याय आपल्या अंगवळणी कसा पडला?

तो पडला वेष्टनामुळे. माल बदलण्याआधी वेष्टन बदलते आणि वेष्टन बदलले की मन बदलते. ही विद्या परकीय व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे आणि तिचा पहिला प्रयोग झाला तो आपल्याच प्रदेशातील कापसावर.

कापूस गेला, कापड आले

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रजांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावला आला, तो कापसाचा बाजार आणि त्या बाजारापर्यंत पोहोचणारी रेल्वे यांच्या उद्घाटनासाठी. वऱ्हाडचा कापूस गाठींतून गेला आणि कापड होऊन परत आले. ते परत येताना त्या ताग्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटविलेल्या असत. त्यांवर काय छापलेले असे? लक्ष्मी, सरस्वती, कार्तिकेय! मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला ना लक्ष्मीशी कर्तव्य होते, ना सरस्वतीशी. परंतु अक्षरओळख नसलेला हिंदू शेतकरी देवाचे चित्र ओळखतो, त्यापुढे हात जोडतो आणि ज्यावर देव आहे तो माल आपलाच मानतो, हे त्याने अचूक हेरले होते.

साबणाची कथा याहून निराळी नाही. १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, तेव्हा त्या साबणाच्या वड्यांवर लिव्हर ब्रदर्सने इंग्लंडमध्ये तयार केल्याचे ठळकपणे कोरलेले होते. त्या काळी ‘विलायती’ हीच गुणवत्तेची खूण होती. पुढे स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि भाषा पालटली. १९३४ सालच्या सनलाइटच्या दिनदर्शिकेवर आकाशातून सूर्यप्रकाश घेऊन येणारे साक्षात भगवान विष्णू आहेत. १९२८ साली ग्राइप वॉटरच्या दिनदर्शिकेसाठी बाळकृष्णाचे चित्र रंगविले ते आपल्या महाराष्ट्राच्या थोर चित्रकाराने, म. वि. धुरंधरांनी. धुरंधरांच्या कुंचल्याबद्दल आदर बाळगूनही एवढे म्हणावेच लागेल की चित्रकार आपला, देव आपला, बाळही आपले आणि नफा तेवढा साहेबाचा, असा तो व्यवहार होता. ती चित्रे घरोघरी चौकटीत बसविली गेली, देवघरात लागली. हिंदूच्या श्रद्धेचा असा वापर व्यापारासाठी झाला आणि हिंदू समाजाला त्यात वावगे काहीच दिसले नाही.

आज त्या चिठ्ठ्यांवरचे देव उतरले आहेत. त्यांच्या जागी कडुनिंबाची डहाळी, हळकुंड, कोरफड आणि खलबत्ता आला आहे. ‘आयुर्वेद’ हा शब्द हिरव्या अक्षरांत आला आहे. कंपनी कोणत्याही देशाची असो, खोक्याच्या दर्शनी बाजूस डहाळी असतेच. डहाळीचा आतील द्रव्याशी संबंध किती, हे मागच्या बाजूच्या सूक्ष्म अक्षरांत शोधावे लागते.

‘चावी’पासून ‘पार्क अव्हेन्यू’पर्यंत

या आक्रमणाला आपल्या समाजाने उत्तर दिलेच नाही, असे मात्र नव्हे. आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास प्राण्यांची चरबी पूर्णतः वर्ज्य करून, केवळ वनस्पती तेलांपासून साबण बनविण्याचे धाडस केले. चरबीवाचून चांगला साबण होत नाही, अशी त्या काळी सार्वत्रिक समजूत होती. त्यांच्या साबणाचे नाव ‘चावी’. हा पारशी गृहस्थ मुळात कुलपे करणारा. आपल्या धंद्याची खूणच त्याने साबणावर उमटविली. कोणाचे अनुकरण नाही, उसना साहेबी थाट नाही. गोदरेजच्या साबणाची भलामण खुद्द रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहिरातीतून केली होती आणि याच आर्देशिरांनी टिळक स्वराज्य निधीला तीन लाख रुपये दिले होते. म्हैसूर संस्थानाने १९१८ च्या सुमारास चंदनाचा साबण काढला, तो लंबगोल आकारात, दागिन्याच्या पेटीसारख्या खोक्यात आणि खोक्यावर शरभाची मुद्रा. शरभ म्हणजे सिंहाचे शरीर आणि गजाचे मस्तक असलेला पुराणातील प्राणी. शंभर वर्षे उलटून गेली, त्या वेष्टनाला कोणाचे उसने रूप घ्यावे लागले नाही.

आपल्या विदर्भाशी नाते सांगणारे उदाहरण विकोचे. केशव विष्णू पेंढरकर हे मूळ नागपूरकडचे, दुकानदारी करणारे गृहस्थ. मुंबईस जाऊन १९५२ साली त्यांनी विको उभी केली. पुढे कंपनीचा एक कारखाना नागपुरासही निघाला. दात घासण्याची वज्रदंती, चेहऱ्याची हळदीची मलई आणि पुढे हळदयुक्त दाढीचे क्रीम, असा हा प्रवास आहे. ही उत्पादने प्रसाधने की आयुर्वेदीय औषधे, म्हणजेच वेष्टनावरील शब्द खरा की खोटा, यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षे न्यायालयीन झुंज चालली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. एका मराठी उद्योजकाच्या घराण्याला आपल्या नळीवरचा ‘आयुर्वेदीय’ हा शब्द इतका झुंजून राखावा लागतो आणि परदेशी कंपनीला डहाळीचे चित्र छापायला कोणाची परवानगी लागत नाही!

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, आणि ती अधिक क्लेशदायक आहे. टाटा ऑइल मिल्स ही १९१७ साली स्थापन झालेली स्वदेशी कंपनी १९९३ साली हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करण्याचे ठरले. तिच्याबरोबर आपल्या दिवाळीचा ‘मोती’ साबणही गेला. तीच गोल वडी, तोच खोका, तेच नाव. पहाटे अंधारात दार ठोठावून शेजाऱ्यांना अभ्यंगस्नानासाठी उठविणारे जाहिरातीतील ते वृद्ध गृहस्थ सर्वांच्या परिचयाचे आहेत. वाड्यातील त्या आजोबांचा धनी आता सातासमुद्रापलीकडे बसतो, याची जाणीव नरकचतुर्दशीच्या पहाटे किती मराठी घरांत असते? वेष्टन जसेच्या तसे ठेवून मालक बदलणे, ही मँचेस्टरच्या चिठ्ठीचीच सुधारलेली आवृत्ती होय. तिथे निदान देव उसना आणावा लागला होता. इथे आपणच जपलेली आठवण आयतीच त्यांच्या हाती पडली.

याच्या नेमकी उलटी गंमत आपल्या स्वदेशी उत्पादकांची. मालक इथला, कारखाना इथला, कामगार इथले आणि खोक्यावर नाव ‘पार्क अव्हेन्यू’! न्यूयॉर्कच्या एका रस्त्याचे नाव ठाण्याच्या रेमंडने धारण केले होते. २०२३ साली हा व्यवसाय गोदरेज समूहाने विकत घेतला, म्हणजे ‘चावी’च्या वारसदारांच्या घरात आता ‘पार्क अव्हेन्यू’ नांदते आहे. ‘व्ही-जॉन’ ही तर अस्सल भारतीय कंपनी, दाढीच्या क्रीममध्ये अग्रेसर. नाव मात्र असे की परतवाड्याच्या गिऱ्हाइकाला तो कोणी जॉनसाहेब वाटावा. परदेशी कंपनी आपल्या हळकुंडामागे दडते आणि देशी कंपनी परदेशी नावामागे. या दुहेरी वेषांतरात ग्राहकाने ओळखावे तरी कोणाला? स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे उलटल्यावरही आपल्या उद्योजकाला स्वतःचे नाव उच्चारताना लाज वाटत असेल, तर तो दोष केवळ त्याचा नाही. इंग्रजी नावावाचून माल खपत नाही, असे त्याला आपणच गल्ल्यावर पैसे मोजून शिकविले आहे.

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी नागपुरात स्वदेशी जागरण मंचाची स्थापना झाली. आर्वीचे सुपुत्र श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांची ती दूरदृष्टी. त्या काळात गावोगावी वाटल्या गेलेल्या स्वदेशी-विदेशी वस्तूंच्या याद्या अनेक कार्यकर्त्यांनी जपून ठेवल्या असतील. डाव्या रकान्यात विदेशी, उजव्या रकान्यात स्वदेशी. दाढीच्या साहित्याचीही त्यांत नोंद असे. त्या याद्यांनी मोठे काम केले, परंतु त्यांवर आज डोळे मिटून विसंबणे धोक्याचे आहे. कंपन्या विकल्या जातात, रकाने बदलतात, यादी भिंतीवर तशीच राहते. एवढेच कशाला, ज्या नळीत आपण स्वदेशी क्रीम घेतो, तिचे उदाहरण पाहा. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकत्र करून बनविलेल्या नळ्यांच्या उत्पादनात एस्सेल प्रोपॅक या भारतीय कंपनीने जगात नाव कमावले होते. २०१९ साली अमेरिकेच्या ब्लॅकस्टोनने तिच्यावर ताबा मिळविला. म्हणजे आतले क्रीम स्वदेशी असले तरी वेष्टन कोणाचे, हा प्रश्न आता शब्दशः विचारावा लागतो. लोकमान्यांच्या काळातील पिढीने एकेक पैसा गोळा करून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना काढला होता. स्वदेशीसाठी भट्टी पेटवून स्वतः काच ओतणारी ती माणसे होती.

आम्हाला वाचता येऊ नये, अशी सोय

आता खोक्याच्या मागच्या बाजूकडे वळू. वेष्टनबंद वस्तूंसंबंधीचे २०११ चे नियम उत्पादकाला पुष्कळ माहिती छापण्यास भाग पाडतात. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि माल आयात केलेला असल्यास मूळ देश. नियम उत्तम आहेत. परंतु ही माहिती देवनागरी लिपीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावी, अशी त्यांत तरतूद आहे. अन्य भाषा जोडीला वापरण्यास मनाई नाही, पण सक्तीही नाही. सक्ती नाही म्हटल्यावर कंपनी काय करणार? इंग्रजीत छापते आणि मोकळी होते.

महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात यासाठी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, त्यावरून रणे माजली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, पेढे वाटले गेले. या दोन्ही गोष्टींचा आम्हाला आनंदच आहे. पण दुकानाची पाटी मराठीत आणि आतील हजार वस्तूंपैकी एकीवरही मराठी अक्षर नाही, ही कसली भाषाभक्ती? दर्यापूर-अंजनगावच्या शेतकऱ्याला दुकानाचे नाव वाचता येते. आपण गालाला काय फासतो, ते मात्र वाचता येत नाही. देवाचे चित्र छापणाऱ्या मँचेस्टरच्या व्यापाऱ्याने निदान गिऱ्हाइकाला समजेल अशा खुणेत बोलण्याचे तरी कष्ट घेतले होते.

यात धर्मभावनेचाही प्रश्न गुंतलेला आहे. पाश्चात्त्य देशांत दाढीचा पारंपरिक साबण बनतो तो मुख्यतः गुरांच्या चरबीपासून. तिच्यामुळे फेस घट्ट येतो आणि टिकतो, म्हणून तिकडे आजही तिचे कौतुक आहे. आपल्याकडे १९८३ साली वनस्पती तुपात गोवंशाची चरबी मिसळल्याचे प्रकरण उघडकीस आले, देशभर संतापाची लाट उसळली आणि सरकारला तिच्या आयातीवर बंदी घालावी लागली. हिंदू समाज जागा झाला की काय घडते, त्याचे ते उदाहरण आहे. त्यानंतर २०१४ मध्ये साबण, शाम्पू, दंतमंजन व प्रसाधने यांच्या वेष्टनावर शाकाहारी मालासाठी हिरवा आणि मांसाहारी मालासाठी तांबडा वा तपकिरी ठिपका असावा, अशी तरतूद नियमांत करण्यात आली. बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. एकादशीला तर अधिकच. दाढीच्या नळीवर तो ठिपका आजवर कोणी शोधला आहे काय? आणि घटकांच्या यादीत स्टिअरिक आम्ल असे छापलेले असते, ते तेलातूनही निघते आणि चरबीतूनही. ते कशातून काढले, हे त्या नावावरून कळत नाही. ठिपक्याचे महत्त्व एवढ्यासाठीच.

वाटी आणि नळी

नळीच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा स्वच्छतेचा. अनेकांच्या गालांवरून फिरलेला ब्रश पुन्हा त्याच वाटीत बुडविला जातो, त्यापेक्षा नळीतले क्रीम बरे, असे म्हणतात. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एड्सच्या भीतीमुळे केशकर्तनालयांतून जुना वस्तरा जाऊन प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते बसविण्याची पद्धत आली, ती योग्यच झाली. २०२० च्या टाळेबंदीनंतर राज्यात २८ जूनपासून सलून उघडण्याची परवानगी मिळाली, तीही प्रथम केस कापण्यापुरतीच, दाढीला नव्हे. नाभिक समाजाने त्या महिन्यांत जे हाल सोसले, त्यांची दखल कोणत्या अर्थतज्ज्ञाने घेतली? पण मुळात ब्रश तर क्रीमलाही लागतोच. दोष वाटीचा नसून न धुतलेल्या ब्रशाचा आहे. कढत पाणी आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी धुतलेला ब्रश हा त्यावरचा उपाय आहे आणि घरच्या वापरात तर हा प्रश्न उद्भवतच नाही. तरीही गिऱ्हाईक हट्टाने ‘फोम लाव’ म्हणते. डब्यातल्या फेसाचा खर्च कारागिराच्या माथी बसतो आणि दाढीचा दर वाढविला की तेच गिऱ्हाईक भांडते. मूर्तिजापूरच्या स्टेशनाजवळच्या लहानशा दुकानात दिवसभर उभ्याने राबणाऱ्या माणसाच्या मिळकतीतून परदेशी वायूचे पैसे वळते होतात. संत सेना महाराजांचा वारसा सांगणाऱ्या या कष्टाळू समाजाच्या आर्थिक कोंडीचा विचार स्वदेशीच्या चर्चेत सहसा येत नाही, तो आला पाहिजे.

नळी संपल्यावर काय होते? थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ती सहजी वितळवून पुन्हा वापरता येत नाही. भंगारवाला तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा हातगाडीवर केळी विकणाऱ्या बाईच्या पिशव्या जप्त झाल्या आणि तिला दंड झाला. कारखान्यातच माल भरून येणारी वेष्टने मात्र बंदीतून वगळण्यात आली होती. कायदा दुबळ्याच्या पिशवीपर्यंत पोहोचला आणि बलवंताच्या नळीपाशी थबकला. गोल वडीचा कागद यांपैकी कशातच बसत नाही. त्याला ना बंदीची गरज, ना सवलतीची.

मग वडी मागे का पडली? याचे खापर केवळ परक्यांवर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या उत्पादकांनी वडीच्या वेष्टनाची जी हेळसांड केली, ती पाहवत नाही. पावसाळ्यात मऊ पडणारा पुठ्ठा, रंग उडालेली छपाई, कोणत्या तरी परदेशी डबीची ओबडधोबड नक्कल, वर फेस लावलेल्या गोऱ्या माणसाचा हनुवटीपुरता चेहरा. वऱ्हाडच्या उन्हात वडी सुकून तिला भेगा पडतात, त्यासाठी साधा दुहेरी मेणकागदही घातला जात नाही. स्वदेशी म्हणजे वेडेवाकडे आणि ते देशभक्तीखातर निमूट सोसावयाचे, अशी समजूत करून देणारा उत्पादक स्वदेशीचा शत्रूच म्हटला पाहिजे. म्हैसूरच्या साबणाने शंभर वर्षांपूर्वी जे साधले, ते आज न साधण्यास कारण नाही.

वऱ्हाडापुरते तर अजिबातच नाही. कापसाबरोबर सरकी येते. कापसाचा भाव रुईइतकाच सरकीच्या भावावरही ठरतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. सरकीचे तेल घट्ट करून साबणात वापरता येते. तेलाचे शास्त्र शिकविणारी लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था नागपुरात १९४२ पासून उभी आहे आणि अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठातही रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. कच्चा माल इथे, विद्या इथे, वापरणारे हात इथे. तरीही देशातील साबण-उद्योग इंडोनेशिया-मलेशियाहून येणाऱ्या पामतेलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे आणि त्यात स्वदेशी नावाचे साबणही आले. १८७० साली खामगावहून गाठी गेल्या आणि तागे आले. आज सरकी जाते आणि नळी येते. वऱ्हाडातील एखाद्या सहकारी तेलगिरणीने अथवा बचत गटांच्या संघाने या दोन संस्थांतील जाणकारांना गाठून सरकीच्या तेलाची दाढीची वडी काढावी. तिच्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक आहे, त्यानुसार ती तपासून घ्यावी. वेष्टन कागदाचे असावे, त्यावरील मजकूर नियमानुसार आणि जोडीला मराठीत असावा, अक्षर आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे असावे. नाव वऱ्हाडी असावे. चित्र हवेच असेल तर ते धोकटीचे असावे. देवाचे नको.

तोपर्यंत दुसरे एक काम हाती घेता येईल. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तिचे कार्यकर्ते अमरावती-अकोल्यातही आहेत. शाखांतील तरुणांनी त्यांच्या साहाय्याने आपल्या वस्तीतील दहा घरांत जावे, न्हाणीघरातील आरशाखालच्या फळीवरचे सामान मांडून मागची बाजू घरच्यांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावी. उत्पादक कोण, त्याचा आजचा मालक कोण, ठिपका कोणता, मराठी अक्षर आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. जिथे नियमाने आवश्यक असलेला मजकूर नाही किंवा वाचता येत नाही, तिथे खोक्यासह तक्रार वैध मापन शास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. उत्पादकाला पत्र मराठीतच जावे.